घरचा प्रश्न

लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी मनुबाईनं नवऱ्याचा आवाज धड ऐकला नव्हता, असं सांगितलं तर आजची पोरं हसतील. हसू देत. कोरेगावच्या शिवारात लालासाहेबांच्या घरी तेव्हा तीच रीत होती. वडीलधाऱ्यांपुढं नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, आणि वडीलधारं माणूस नाही असा कोपरा शोधायला जावं, तर गोठ्यातसुद्धा एक चुलत आजेसासरे बाज टाकून बसलेले. त्यातून लालासाहेबांनी आणखी एक मेख मारून ठेवली होती. थोरला दादासो पलटणीत, लढाईवर गेलेला. धाकट्या कृष्णाताला शिकवून सरकारी खुर्चीत बसवायचंच, असा त्यांचा पण होता. "शिक्शान पुरं हुईतवर ह्याचं हातरूण माझ्या शेजारी," असं त्यांनी अंगाची हळद उतरायच्या आतच जाहीर केलं आणि पोराला ओसरीवर आपल्या घोरण्याच्या टप्प्यात घेतलं. मग लग्नाची एवढी घाई कशाला केली, हे त्यांना विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

कृष्णात साताऱ्याला बोर्डिंगात राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होता. शनिवारी दुपारी सायकलवरून यायचा, रविवारी उन्हं कलली की जायचा. मधल्या वेळात मनुबाईच्या वाट्याला त्याचं काय यायचं? त्याच्या ताटात भाकरी वाढायची, त्याचा सदरा धुऊन वाळत घालायचा, आणि तो वाळेपर्यंत अंगणात काहीबाही काम काढून हिंडायचं. तिला तो हवा होता. त्याच्याजवळ बसावं, त्यानं काही सांगावं, आपण काही बोलावं, एवढीच तिची भूक होती आणि एवढीच भागत नव्हती. पाटणकडची पोर, मराठी चौथी झालेली, जिभेची चांगली तयार. पण सासरी आल्यापासून तिची जीभ 'जी' आणि 'न्हाई' यांच्या पलीकडं फारशी चाललीच नव्हती.

यातून वाट काढली ती जोतीराम मास्तरांनी, आणि तीही त्यांना पत्ता नसताना.

शाळेत वरच्या वर्गांना गणित आणि शास्त्र इंग्रजीतून असायचं. पोरं सगळी खेड्यातली. घरात, रानात, बाजारात इंग्रजीचा शब्द कानावर पडायचा नाही. उष्णता म्हटलं की त्यांना कळायचं, पण तीच उष्णता इंग्रजी नाव घेऊन वर्गात आली की ती ओळख दाखवायची नाही. बाकीचे मास्तर पुस्तक वाचून दाखवत, पोरं घोकत आणि परीक्षेत घोकलेलं ओकून मोकळी होत. जोतीराम मास्तर स्वतः असंच घोकून दोनदा नापास झालेले होते, त्यामुळं घोकंपट्टीवर त्यांचा जुना दात होता. त्यांनी आपल्या वर्गाला एक दंडक घालून दिला. आठवड्यात जे इंग्रजीतून शिकवलं, ते शनिवारी घरी जाऊन मराठीत कुणाला तरी सांगायचं, आणि तेही ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही अशा माणसाला. त्यानं ऐकून एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. तो घरचा प्रश्न सोमवारी वर्गात आणायचा. मास्तर तो फळ्यावर लिहीत, सगळा वर्ग मिळून त्याचं इंग्रजी करी आणि मग उत्तरही इंग्रजीतच जुळवी. प्रश्न मिळाला नाही म्हणजे तुम्हाला सांगता आलं नाही, आणि सांगता आलं नाही म्हणजे तुम्हाला कळलेलं नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. ज्याच्याकडं प्रश्न नसेल त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं. बोर्डिंगातली जी पोरं घरी जात नसत ती रविवारी आचाऱ्याला गाठत, आणि त्या बिचाऱ्याची भाकरी करपून जायची.

कृष्णातानं आधी वडलांना धरलं. लालासाहेबांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ह्येचा गुळाच्या भावाशी काय संबंध?" हा प्रश्न फळ्यावर लिहिण्याजोगा नव्हता. मग आईला धरलं. राहीबाई "व्हय बाबा, व्हय" म्हणत दुसऱ्या वाक्याला पेंगायला लागल्या. दोन सोमवार उभं राहून काढल्यावर पोरानं ते वडलांच्या कानावर घातलं. लालासाहेबांना मास्तर म्हणजे देवाच्या खालोखाल. आपलं पोरगं भर वर्गात उभं राहतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"घरात ऐकायला मानसं का थोडी हायती?" ते म्हणाले आणि घरभर नजर फिरवून थांबले. "ती सून हाय की. चार यत्ता शिकलीया. तिला सांग. नुसतं ऐकायचंच तर हाय."

"आन् लोक काय म्हंतील?" राहीबाई म्हणाल्या.

"मास्तरचा हुकूम हाय. तू बस की मधी सूप घिऊन."

असं ठरलं. शनिवारी जेवणं उरकल्यावर ओसरीच्या एका खांबाशी कृष्णात, दुसऱ्या खांबाआड मनुबाई आणि मध्ये गहू निवडायला राहीबाई. मास्तरांच्या हुकमानं, दिवसाउजेडी, सासूसासऱ्यांच्या देखत, नवरा आपल्याशी बोलणार म्हणून मनुबाईला सकाळपासून घास गेला नव्हता.

आणि नवऱ्यानं केलं काय, तर समोर एक परात मांडून घेतली आणि सगळा धडा त्या परातीला सांगितला. मान वर म्हणून केली नाही. परातीत पैसा ठेवला. मनुबाईला म्हणाला, म्हणजे परातीला म्हणाला, की मागं मागं सरक आणि पैसा दिसेनासा झाला की थांब. ती सरकली. काठाआड पैसा गेला. मग त्यानं परातीत हळूच पाणी ओतलं आणि जागचं न हलता पैसा तिला पुन्हा दिसायला लागला. उजेड पाण्यातून बाहेर येताना वाकतो, असं त्यानं बरंच अडखळत, हातानं हवेत रेघा ओढत सांगितलं. मास्तरांच्या इंग्रजीतून हे त्याला जेमतेम अर्धं कळलं होतं, बाकीचं अर्धं तो सांगता सांगता गोळा करत होता.

"म्हंजी पैसा हाय तिथं दिसत न्हाई, वर उचलल्यागत दिसतो," खांबाआडून आवाज आला.

"व्हय."

"मंग हिरीतला मासा आपल्याकडं बघतो, तवा त्येला आपण कुठं दिसतो?"

"मासा तुझ्याकडं कशाला बघतोय?" राहीबाई म्हणाल्या. पण कृष्णातानं मान वर केली होती. तो पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघत होता, आणि बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली, कारण उत्तर त्याला येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो आला तोच सायकल कुडाला टेकवून ओसरीवर चढला. पाय धुवायचंही भान नव्हतं. मास्तर फळ्यापुढं खडू धरून हसतच राहिले होते म्हणे. या वर्षातला पहिला खरा प्रश्न, असं म्हणाले. सगळा तास त्याच्यावर गेला. माशाला आपण आहोत त्याहून उंच दिसतो, हे त्यानं आईला ऐकू जाईल अशा बेतानं बायकोला सांगितलं.

"म्हंजी जगात एक तरी जित्राब हाय, आपल्याला थोर समजणारं," मनुबाई म्हणाली. राहीबाईंना हसू आवरलं नाही. हसल्या आणि लगेच गव्हावर डोळे वटारून बसल्या.

मग त्यानं तिचा प्रश्न इंग्रजीत म्हणून दाखवला. तिनं तो पुन्हा म्हणायला लावला. आपणच विचारलेलं, पण साताऱ्याला जाऊन परक्या मुलखाचा पोशाख घालून आलेलं ते वाक्य तिनं तीनदा ऐकलं आणि चौथ्यांदा स्वतः म्हणून बघितलं.

"फळ्यावर लिवत्यात तवा माझं नाव घेत्यात का?" तिनं विचारलं.

"न्हाई. घरचा प्रश्न म्हंत्यात."

तिला तेवढंही पुरलं. पुढचे कितीतरी दिवस चुलीपुढं बसली की तिच्या डोळ्यांपुढं तो कधी न बघितलेला वर्ग यायचा, काळा फळा यायचा आणि त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात आपण.

त्यानंतर मनुबाईचा आठवडा शनिवारच्या बाजूनं उजाडायला लागला. पाणी भरताना, कडबा कापताना, दळताना ती जे दिसेल ते नीट बघायची. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार, तर पाणी बदलतं का आपला हात बदलतो, असं तिनं एकदा विचारलं. त्याच्यापायी मास्तरांनी उष्णतामापक यंत्र दोरीला बांधून वर्गाला साताऱ्याच्या विहिरीवर नेलं. कृष्णाताचं शास्त्र सुधारलं, इंग्रजीही सुधारलं. शब्दाच्या मागं आता काहीतरी दिसत होतं ना. तिचंही काहीतरी सुधारत होतं, पण त्याला गुण द्यायला कुणी नव्हतं. तिला धडा हवा होता का धडा सांगणारा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच सुपात आलेलं होतं आणि निवडायचं कशाला, असं तिला वाटायचं. रविवारी सायकल बांधाआड गेली की तिला घर मोठं वाटायचं आणि कामं थोडी.

हिवाळ्यात आवाजाचा धडा आला. आवाजालाही वाट चालावी लागते आणि वाटेला वेळ लागतो, असं कृष्णातानं सांगितलं. लांबचा धोबी कपडा आपटतो तो आधी दिसतो, आवाज मागून येतो.

मनुबाईनं थोडा विचार केला. "मंग साताऱ्यासनं हाक मारली तर हितं यायला किती वेळ लागंल?"

राहीबाईंचे हात सुपात थांबले. कृष्णाताचे कान लाल झाले. पण प्रश्न शास्त्राचा होता, त्याला कोण काय म्हणणार? त्यानं कोळशानं ओसरीच्या फरशीवर हिशेब मांडला आणि म्हणाला, "मिंटाच्या आत."

"येवढंच?" ती म्हणाली. तिला साताऱ्याचं अंतर फार मोठं वाटत आलं होतं. मिनिटाच्या आतलं आहे हे कळल्यावर तिला इतकं बरं वाटलं की तिनं पदर तोंडाला लावला.

पलीकडं लालासाहेब सुपारी कातरत होते. त्यांना हिशेब आवडला. "आता पुण्याचं काड," ते म्हणाले. "म्याट्रिक झाला की तिथंच जायाचं हाय त्येला. कालिजात. धा-पाच वर्सं लागू देत, हापिसर होऊनच माघारी यायाचं."

मनुबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. सुनेला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नसेल. तिची समजूत अशी, की मॅट्रिक झाला की नवरा घरी येईल, कोरेगावच्या कचेरीत लागेल आणि ओसरीवरचं अंथरूण एकदाचं उचललं जाईल. कृष्णातानं खालमानेनं हिशेब केला. साडेपाच मिनिटं आली.

"येवढ्या लांबनं आवाज पोचतो व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मधीच इरून जातो."

त्या रविवारी तो गेला आणि मनुबाई जोतीराम मास्तरांचंच गणित उलटं मांडत बसली. प्रश्न नाही तर कळणं नाही. कळणं नाही तर पास नाही. पास नाही तर पुणं नाही. इतकं सोपं होतं ते. आपण हौसेनं एकेक प्रश्न शोधून देत होतो, आणि त्या प्रत्येक प्रश्नानं त्याला हातभर लांब ढकलत होतो, हे तिला आता दिसलं आणि स्वतःचाच राग आला.

पुढच्या शनिवारी त्यानं सगळा धडा सांगितला, थांबला आणि वाट बघत राहिला.

"आज काय इचारायचं न्हाई," मनुबाई म्हणाली.

त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्याही पुढच्या शनिवारी ती कामाचं निमित्त काढून खांबापाशी फिरकलीच नाही. तिनं हे समजून उमजून केलं. दुष्टपणा म्हणा, काही म्हणा. ज्याला एका माणसाशी दोन शब्द बोलायला आठवडाभर वाट बघावी लागली आहे, त्यानंच तिला नावं ठेवावीत. कृष्णात वर्गात उभा राहू लागला. घरी कुणी आजारी आहे का, असं मास्तरांनी विचारलं. मग तो घोकायला लागला. जानेवारीतल्या चाचणी परीक्षेत शास्त्रात नापास झाला. मास्तरांनी शब्द टाकला म्हणून पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा मिळाली. तीत पास झाला तरच मॅट्रिकचा फॉर्म, नाहीतर वर्ष गेलं. त्या दिवशी लालासाहेब ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठले.

फेरपरीक्षेच्या आधीच्या शनिवारी कृष्णात ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. पुस्तक मांडीवर आणि तोंडानं एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मध्ये अडखळत नव्हता, थांबत नव्हता, नुसती टकळी चालली होती. पाण्यात बुडवलेल्या वस्तूचं वजन कमी भरतं, एवढ्याच मतलबाचं ते वाक्य होतं, पण मनुबाईला ते कुठून कळणार? तिला फक्त त्याची पाठ दिसत होती. खांदे पडलेले. शर्ट घामानं चिकटलेला. तिच्या मनात आलं, हा नापास होईल आणि घरी राहील. मला हवा तसाच राहील. पण या भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला मी काय विचारू आणि तो मला काय सांगणार? मला हवा होता तो परातीपाशी अडखळणारा. तो तर मीच घालवत आणला.

ती पाण्याला जाऊन आलेली होती. डोक्यावरची घागर न उतरवताच ती खांबापाशी थांबली.

"आवं," ती म्हणाली. "त्येचं मराठी काय?"

त्यानं मागं वळून बघितलं. तुटक तुटक सांगितलं.

"घागर हिरीत बुडलेली आसती तवर दोराला वजन लागत न्हाई," मनुबाई म्हणाली. "पाण्याभायेर आली की हात उपटून निघत्यात. त्ये ह्येच का? का दुसरं काय?"

कृष्णात उठला, तिच्या खांद्यावरचा दोर घेतला आणि तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवताच ती तिथंच रिकामी करून सोबत घेऊन विहिरीकडं निघाला. लालासाहेबांचा मुलगा बायकांसारखं पाणी ओढतो आहे हे बघायला अर्धी वस्ती गोळा झाली. तो घागर बुडवायचा, अर्धी वर काढायचा, पुन्हा बुडवायचा. आला तेव्हा कोपरापर्यंत भिजलेला होता आणि सगळं तोंड फुललेलं होतं.

"त्येच हाय," तो म्हणाला. "त्येच हाय गं."

मनुबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो आनंद तिनं आपल्या हातानं दिला होता आणि तोच त्याला पुण्याला नेणार होता. तिला रडू आलं, म्हणून ती घागर घेऊन पुन्हा पाण्याला गेली.

तो फेरपरीक्षेत पास झाला, मॅट्रिकही झाला. जूनमध्ये लालासाहेबांनी त्याला कोरेगावच्या स्टेशनवर आगगाडीत बसवून दिलं आणि येताना सगळ्या वस्तीला पेढे वाटले.

मनुबाईचे शनिवार गेले. म्हणजे शनिवार येतच होते, सकाळी उजाडायचे, संध्याकाळी मावळायचे. सवयीनं राहीबाई सूप घेऊन ओसरीवर बसायच्या आणि दोन खांबांच्या मधली जागा तशीच रिकामी असायची. प्रश्न मात्र यायचे थांबले नाहीत. एवढं पाणी पोटात घेऊन ढग वर राहतो कसा? काकवी थंडीत घट्ट का होते? गुऱ्हाळात रसाला उकळी फुटली, की त्याच्याखाली आणखी कितीही जाळ घातला तरी रस काही तितक्या मानानं तापत नाही, मग ती सगळी आच जाते कुठं? हा शेवटचा प्रश्न तिचा लाडका होता. तो कृष्णाताला कसा विचारायचा, कुठल्या शब्दापाशी थांबायचं, तो मान कशी वर करेल, हे सगळं तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. न राहवून एकदा तो तिनं सासूला विचारला.

"तुजं डोस्कं दुकतंय का?" राहीबाईंनी विचारलं आणि कपाळाला हात लावून बघितला.

पावसाळ्यात लढाई संपली. दादासो अजून परतला नव्हता, पण जिवंत होता. दिवाळीला कृष्णात आला, तोही चारच दिवस. बाकीची सुट्टी पुण्यातच अभ्यासाला लागेल म्हणाला. घर पाहुण्यांनी भरलेलं, नणंदा पोराबाळांसकट आलेल्या. मनुबाईला तो लांबूनच दिसत राहिला. वाळला होता. कुणी काही विचारलं की हसायचा, आणि ते हसू ओठाच्या वर जायचं नाही. अंथरूण ओसरीवर होतं तिथंच होतं.

जायच्या आदल्या दुपारी लालासाहेबांनी शेजारपाजार गोळा केला. भाऊसो आले, आकाराम पैलवान आले, आजेसासऱ्यांना बाजेसकट आणलं. "सांग रं," लालासाहेब म्हणाले, "पुण्यात काय काय शिकवत्यात त्ये सांग. तुझ्या त्या शनवारच्यागत." राहीबाईंनी सूप घेतलं. मनुबाई आपल्या खांबाआड जाऊन बसली.

कृष्णात उभा राहिला. वाफेविषयी सांगतो म्हणाला. पाणी उकळतं, त्याची वाफ होते, असं एक वाक्य मराठीत बोलला आणि तिथून जो इंग्रजीत शिरला तो बाहेर आलाच नाही. घडाघडा बोलत होता. मंडळी माना डोलवत होती. "सायबच झाला की गड्या," भाऊसो म्हणाले.

मनुबाईला एक अक्षर कळलं नाही, पण एक गोष्ट तिला पक्की कळली. कळलेलं सांगताना हा माणूस अडखळतो. शब्द शोधतो, हवेत रेघा ओढतो, मध्येच थांबून डोकं खाजवतो. आज तो कुठंच थांबत नव्हता. जानेवारीत भिंतीकडं तोंड करून चालली होती तीच टकळी ती ऐकत होती, फक्त आता तोंड लोकांकडं होतं. म्हणजे जूनपासून त्याला काहीही कळलेलं नव्हतं. आणि धडा होता उकळीचा, वाफेचा. तिचा लाडका प्रश्न नेमका त्याच्याच पोटातला. तो तिच्या ओठांवर आला होता.

"सूनबाई," लालासाहेब खुशीत म्हणाले, "इचार की काय तरी. तूच इचारायचीस न्हवं?"

सगळ्यांनी खांबाकडं बघितलं. कृष्णातानंही बघितलं. तो तिच्याकडं असा बघत होता की तिला पुढं बघवेना. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण हात जोडल्यासारखं काहीतरी होतं. एवढ्या लोकांत मला उघडा पाडू नको, असंच तो म्हणत असणार, दुसरं काय? हा प्रश्न विचारला तर हा इथंच, बापाच्या देखत, खाली बसेल. पुणं संपेल. हा घरी राहील. सगळं तिच्या जिभेवर होतं. तिला तो हवा होता.

"न्हाई मामंजी," ती म्हणाली. "समदं ध्यानात आलं."

लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. कृष्णात हळूच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर जायला बैलगाडी जुंपली. निघताना माणसाच्या हातावर दही घालायचं असतं, आणि ते बायकोनं घातलं तर त्याला कुणाची ना नसते. मनुबाई वाटी घेऊन उंबऱ्यापाशी आली. अंगणात लालासाहेब बैलांना काहीतरी ओरडत होते. कृष्णातानं तळहात पुढं केला.

"काल तुला कळलं का?" तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"न्हाई."

"मलाबी न्हाई. जूनपासनं काय बी कळलं न्हाई. तिथं आमी नुसतं लिवून घेतो. कोण इचारत न्हाई, कोण सांगत न्हाई."

तिनं दही घातलं. थोडं उंबऱ्यावर सांडलं. "म्हणूनच गप बसले," ती म्हणाली. "तुमी डोळ्यानं नगं म्हणत हुता."

"नगं?" तो तिच्याकडं बघत राहिला. "मी इचार म्हणत हुतो. तू इचारलं आसतंस तर मी आडलो आसतो. वडलांच्या म्होरं एकदा आडलो आसतो, तर आज ही गाडी जुपली नसती." बाहेरून हाक आली. तो आणखी खाली आवाज करून म्हणाला, "मला ऱ्हायाचं हुतं, मनू."

लालासाहेबांनी दुसरी हाक मारली. त्यानं दही तोंडात टाकलं, ओल्या हातानंच वळकटी उचलली आणि जाऊन गाडीत बसला. मनुबाई वाटी धरून उंबऱ्यात उभी राहिली. आत राहीबाई नणंदांना सांगत होत्या की पोरगं काल कसं एकदासुद्धा न अडता बोललं.